घरगाडीचा इन्व्हर्टर आणि उमरठची पालखी

"पालखी मागं घ्या रे! घर पेटलाय, मागं घ्या!"

उमरठच्या सुमनताईंचा हा आवाज माझ्या अंदाजाने घाट चढून थेट महाबळेश्वरच्या बाजारात ऐकू गेला असणार. सनईवाल्याचे गाल फुगलेलेच राहिले, ढोलाची काठी हवेत अडकली आणि देवाची पालखी खांद्यावर घेऊन नाचणारी माणसं एका पायावर थबकली. सुमनताई ज्याला घर म्हणत होत्या ती आमची गाडी. त्यांच्या अंगणात आंब्याखाली उभी केलेली. तिच्या मागच्या दारातून धूर येत होता, आणि तो उदबत्तीचा नव्हता.

मी आत झेप घेतली, मेन बटण पाडलं, वायरी उपटल्या आणि बाकाखालचा इन्व्हर्टर कोरड्या गोणपाटात धरून अंगणात आणून टाकला. तिथं त्याने एकदा चर्र केलं आणि प्राण सोडला. साक्षात पालखीसमोर गेला. त्याच्या कुळात एवढं चांगलं मरण कुणाला आलं नसेल.

आता जरा मागं जायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस कोण आणि गाडीला घर का म्हणतात.

मी कराडचा. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. माझ्या हिशेबाने पृथ्वीला नऊ प्रदक्षिणा घातल्या, पण खिडकीची जागा एकदाही मिळाली नाही. निवृत्त झाल्यावर एक जुनी सतरा सीटची गाडी घेतली, सीटं काढून टाकली, आणि आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, पंखा आणि गुडघ्याएवढा फ्रीज बसवला. जावयाने एक लिथियमची बॅटरी दिली. इन्व्हर्टर मात्र घरचाच जुना उचलून बाकाखाली कोंबला. झाली घरगाडी.

फ्रीज ही चैन नव्हती. माझी बायको मालती इन्सुलिन घेते, आणि जास्तीच्या बाटल्या गार ठेवाव्या लागतात. त्यावरूनच आमच्या पुण्याच्या लेकीने, स्वातीने, अट घातली होती. तिने गाडीला एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. "आठ दिवस फिरून या," ती म्हणाली, "पण आईचं औषध दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आली, की गाडी विकायची." मालतीने मान डोलावली. मीही डोलावली. एकतीस वर्षं खड्ड्यांतून गेलेल्या माणसाची मान आपोआपच डोलते, तिला होकार समजू नये असं माझं मत होतं. पण ते मी बोललो नाही.

आणि आज प्रवासाचा दुसराच दिवस होता.

उमरठ

आंबेनळी घाट उतरलो तेव्हा माझ्या कानांत दडे बसले आणि गाडीच्या ब्रेकांना घाम फुटला. पोलादपूरला स्टँडसमोर घावणे खाल्ले. घावणा म्हणजे आपल्या डोशाचा साधा भोळा भाऊ, जाळीदार, इतका पातळ की त्यातून मला समोरच्या एस.टी.ची पाटी वाचता आली. तिथून उमरठला गेलो, तिथल्या नरवीराच्या समाधीला नमस्कार केला, आणि गाडी कुठं लावावी म्हणून विचारायला एका घराशी थांबलो. त्या सुमनताई. साठीच्या, कमरेला पदर खोचलेला. त्यांनी मालतीला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "लावा हितंच. आंब्याखाली. जेवलीस काय गो?"

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि ओल्या काजूची भाजी होती. आमच्याकडे काजू म्हणजे लग्नाच्या भातात शोधायचा पदार्थ. इथं त्याची वाटीभर भाजी पुढ्यात. मी किती खाल्ले ते सांगत नाही, पण त्या झाडाने पुढच्या वर्षी माझी चौकशी केली तर नवल नाही.

त्या दिवशी गावात शिमग्याची पालखी घरोघर फिरत होती. आमच्या घाटावर होळी पेटली, पोळी खाल्ली, की संपलं. इकडे देव स्वतः प्रत्येकाच्या दारी येतो, आणि त्यासाठी मुंबईला गेलेली माणसं रजा टाकून गावी येतात. एकही घर सुटता कामा नये. म्हणून पालखी अंगणात आली तेव्हा मोठा प्रश्न उभा राहिला. आंब्याखालची ती गाडी, तिच्यापुढं पालखी नाचवायची की नाही? चार म्हातारे गाडीभोवती फिरले. एकाने आत डोकावून पाहिलं.

"चूल हाय," तो म्हणाला.

"दार हाय, पायरी हाय," दुसरा म्हणाला.

"आणि बाय आत राहतेय," सुमनताई म्हणाल्या. "मग घर नाय तर काय? नाचवा."

मालतीची धावपळ झाली. सुमनताईंनीच तांदूळ आणि नारळ दिला, आणि मालतीने गाडीच्या पायरीवर उभं राहून पालखीतल्या देवीची ओटी भरली. माझ्या गाडीत आजवर लाखो लोक चढले असतील, पण विनातिकीट देव आल्याचा हा पहिलाच प्रसंग.

त्यातच गावाची लाईट गेली. सुमनताईंचा पुतण्या नीलेश मुंबईला कुरिअर कंपनीत आहे, तिशी ओलांडलेला, गळ्यात सोनेरी साखळी. त्याने आणलेला भलामोठा स्पीकर गप्प झाला. "काका," तो म्हणाला, "तुमच्या गाडीवर स्पीकर आन दोन लाईटी लावू काय? दहा मिनिट फक्त."

"दहा मिनिटं काय लेका," मी म्हणालो, "या इन्व्हर्टरवर साखर कारखाना चालेल."

कारखाना नाही चालला. पुढं काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे. धूर विरला तेव्हा सगळं गाव नीलेशकडे बघत होतं. मीही बघत होतो. खरं तर मीच सगळ्यात जास्त रोखून बघत होतो.

नीलेशचा चेहरा पडला. "मिस्टेक माझीच हाय काका. उद्याची मुंबईची गाडी मी सोडतो, तुमच्यासंगती महाडला येतो. हा डबा नीट करूनच जाणार."

मी मोठ्या मनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मालती मात्र फ्रीजमधून बाटल्यांचा डबा काढून पायरीवर बसली होती. मार्च महिना, हवा तव्यासारखी. सुमनताईंकडे फ्रीज होता, पण लाईट नसताना तो नुसतं कपाट. शिवाय तो दुसऱ्याचा फ्रीज. मला अट आठवली.

"डबा दे हिकडं," सुमनताई म्हणाल्या. "लाईट जाते तवा आमी दूध हिरीत सोडतो. नासत नाय." त्यांनी बाटल्या स्टीलच्या डब्यात घातल्या, डबा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला आणि दोरीने विहिरीत सोडला, पाण्याच्या जरा वर, लोंबता. मी वाकून पाहिलं. खाली गारवा होता, अंधार होता, आणि आमच्या गाडीचं सगळं भवितव्य त्या दोरीला टांगलेलं होतं.

"विहीर काही फ्रीज नव्हे," मी मालतीला हळूच म्हणालो.

"मी काही बोलले का?" ती म्हणाली.

महाड

सकाळी सुमनताईंनी थर्मासमध्ये विहिरीचं पाणी भरलं, बाटल्या पिशवीत बांधून त्यात बुडवल्या, आणि आम्ही सावित्री नदीच्या कडेकडेने महाडला निघालो. नीलेश मागे स्पीकर मांडीवर घेऊन बसला होता. पुराव्याचा माल म्हणून त्यानेच तो बरोबर आणला होता.

पहिल्या दुकानात काचेचं दार होतं, गार हवा होती आणि माणूस फार गोड बोलत होता. त्याने मला दोन हजार वॉटचा एक इन्व्हर्टर दाखवला. "काका, यावर काहीही चालेल." काहीही हा शब्द मला फार आवडतो. मी खिशात हात घालणार, तेवढ्यात मालतीने विचारलं, "आमची बॅटरी लिथियमची आहे. हा ती चार्ज करेल का?" माणूस म्हणाला, करेल की, सगळ्याच बॅटऱ्या सारख्या. मालती उठलीच. दारातल्या रखवालदाराने मागून येऊन हळूच सांगितलं, "गाडीचं काम मिलिंदभाऊ करतात. एमआयडीसीत कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहेत. पहिली पाळी सुटली की चारला दुकान उघडतात."

तेव्हा अकरा वाजले होते.

या गावाची ही तऱ्हा मला पुढेही दिसली. माणूस सकाळी औद्योगिक वसाहतीत पाळी करतो आणि दुपारनंतर बाजारात आपलं शटर उघडतो. कराडला दुकानदार दुपारी झोपतो. इथला दुकानदार दुपारी जन्माला येतो.

चारपर्यंतचा वेळ कसा गेला ते मलाच ठाऊक. महाडचं ऊन असं की समोर एका कुत्र्याने जांभई दिली आणि लगेच तोंड मिटलं, जीभ भाजेल म्हणून. थर्मासमधलं पाणी आम्ही दोनदा बदललं, चहावाल्याने त्याच्या माठातलं दिलं. बरोबर समोर औषधाचं दुकान होतं आणि त्यात काचेचा भलाथोरला फ्रीज. मी तासभर त्या फ्रीजकडे पाहत होतो. शेवटी मला राहवेना.

"मालती, तिथं ठेवू या बाटल्या. मी विचारतो त्याला. गाडीपेक्षा तुझं औषध मोठं."

तिने थर्मासचं झाकण उघडलं, पिशवीला बोट लावलं. "गार आहेत अजून."

"पण अट..."

"मी म्हणाले ना, गार आहेत." आणि तिने थर्मास पदराखाली घेतला.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की ही गाडी विकू नये असं वाटणारं माणूस गाडीत मी एकटाच नाही.

बरोबर चारला मोटारसायकल आली. मिलिंदभाऊ, चाळिशीतला, बारीक, कारखान्याच्या निळ्या शर्टातच. नीलेशने "जय भीम, भाऊ" म्हटलं, त्यांनी जय भीम केला आणि शटर वर लोटलं. आत बघतो तर दुकान उलटं टांगलेलं. सगळा माल छताला लागून, माळ्यावर. स्विचबोर्ड माझ्या डोक्याच्याही वर. खाली नुसती मोकळी फरशी. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली, काठीच्या टोकाने वरचं बटण दाबलं आणि पंखा चालू झाला.

मी हसलो. "भाऊ, दुकानात उंट येतात काय?"

"पाणी येतं," मिलिंदभाऊ म्हणाले, आणि भिंतीवरची मळकी रेघ दाखवली. ती माझ्या हनुवटीला येत होती. मी हसायचं थांबलो.

मला वाटलं ते वॉट विचारतील. त्यांनी विचारलं, "गाडीत विजेवर चालणारं काय काय आहे? सगळं बाहेर काढा. या ओट्यावर मांडा." मग एकेक वस्तू लावायची, वायरीला चिमट्याचा मीटर अडकवायचा आणि खडूने फरशीवर आकडा लिहायचा. आमचा संसार भर बाजारात मांडला गेला. फ्रीज, पंखा, मिक्सर, दिवे, फोनचे चार्जर. येणारे-जाणारे थांबून बघत होते, एकाने मिक्सरची किंमत विचारली.

शेवटी नीलेशचा स्पीकर. मिलिंदभाऊंनी तो पूर्ण आवाजात लावला. महाडातल्या सगळ्या कबुतरांनी गाव सोडलं. मीटरकडे पाहून ते म्हणाले, "हा नुसता ओरडतो. खातो काहीच नाही. दोन्ही लाईटी धरल्या तरी याने इन्व्हर्टर जळणार नाही."

नीलेशने मान वर केली.

मिलिंदभाऊंनी जळका इन्व्हर्टर उघडला, आत डोकावले, आणि फ्यूजच्या जागेवरून तांब्याच्या जाड तारेचं एक वेटोळं चिमट्यात धरून बाहेर काढलं. "हे कुणी केलं?"

मी माळ्यावरचा माल पाहू लागलो. चांगला माल होता.

"फ्यूज सारखा उडत होता," मी म्हणालो.

"उडण्यासाठीच असतो तो. का उडत होता? अजून काय राहिलंय गाडीत?"

"काही नाही," मी म्हणालो.

मालती गाडीत गेली आणि माझ्या टॉवेलात गुंडाळलेला पाणी तापवायचा रॉड घेऊन आली. "बादलीत होता. धूर आला तेव्हाही बादलीतच होता. मी काढून ठेवला."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. पालखी येणार म्हटल्यावर देवापुढं आंघोळ करून उभं राहावं असं मला वाटलं. मला मार्चमध्येही गरम पाणी लागतं. रॉड लावला, सनई वाजली, आणि मी विसरलो. मिलिंदभाऊंनी रॉड मीटरला लावून खडूने जो आकडा लिहिला तो बाकी सगळ्या आकड्यांच्या बेरजेला गिळून बसला.

नीलेशकडे बघायची माझी हिंमत होईना.

"काका," तो म्हणाला, "साखर कारखाना चालला असता. तुमच्या आंघोळीने वाट लावली."

सगळे हसले. मीही हसलो, पण मग त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "लेका, चूक माझी. गावासमोर तुझ्याकडं बघायला नको होतं मी."

"जाऊ द्या. आता डबा घ्या लवकर. मला रात्रीची गाडी मिळेल."

मग निवड सुरू झाली. मला अजूनही दोन हजारवालाच हवा होता. मिलिंदभाऊ म्हणाले, "घ्या. त्यावर रॉड चालेल, आणि तुमची भरलेली बॅटरी पाऊण तासात रिकामी होईल. मग आंघोळ छान, फ्रीज बंद." रॉड वगळला तर हजार वॉटचा भरपूर झाला. मात्र तो शुद्ध साईन वेव्हचा हवा, म्हणजे घरच्या लाईटीसारखी सरळ वीज देणारा. जुना इन्व्हर्टर वेडीवाकडी वीज द्यायचा, म्हणून आमचा फ्रीज आजारी माणसासारखा कण्हायचा. मी समजत होतो, त्याला घाट लागतो.

आणि चार्जर. जुन्या इन्व्हर्टरमधला चार्जर शिशाच्या बॅटरीसाठी होता, बॅटरी लिथियमची. "हिचं पोट आजवर एकदाही भरलेलं नाही," मिलिंदभाऊ म्हणाले. आता दोन मार्ग होते. इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच पेटीत मिळतात, दिसायला देखणं, वायरी कमी. किंवा दोन वेगळे डबे. मला अर्थातच देखणं काम हवं होतं.

"एकाच पेटीतलं काही बिघडलं तर?" मालतीने विचारलं.

"तर दोन्ही बंद. पेटी कंपनीकडे जाते, तुम्ही वाट बघता."

"आणि दोन असले तर?"

"चार्जर गेला तरी इन्व्हर्टर चालतो. इन्व्हर्टर गेला तरी बॅटरी भरलेली राहते. आणि हे दोन्ही मी उघडून दुरुस्त करू शकतो. पेटी नाही."

"मग दोन," मालती म्हणाली.

"वहिनींना कळलं," मिलिंदभाऊ म्हणाले, आणि काठीने माळ्यावरून दोन खोकी खाली ओढली.

बसवायला ते गाडीत शिरले. जुनी जागा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. पाण्याच्या टाकीला खेटून, कोंदट, वारा नाही. त्यांनी ड्रिल उचललं आणि काही कळायच्या आत गाडीच्या छताजवळ, हात वर करून, पहिलं भोक पाडलं.

"भाऊ, एवढ्या वर?" मी विचारलं. "गाडी आहे ही. पाणी आलं तर निघून जाईल."

ते थांबले. भोकाकडे पाहिलं, मग खाली बॅटरीकडे. "हात आपोआप वरच जातो," ते म्हणाले. "गावात कुणाच्याही घरी गेलो की वरच बसवतो. विचारतच नाही कुणी." मग स्वतःशीच मान हलवून पुढे म्हणाले, "इथं उंच बसवला तर बॅटरीपासून वायर लांबेल, वीज वाटेतच जाईल. खालीच बसवू. पण टाकीपासून लांब आणि फरशीपासून वीतभर वर. तेवढं तरी माझं ऐका." आम्ही ऐकलं. वरच्या भोकात मालतीने खिळा ठोकला आणि पंचांग टांगलं. फ्यूज त्यांनी स्वतः बसवला, आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं स्वतःच्या खिशात घातलं, मला दिलं नाही.

दिवेलागणीला बटण दाबलं. मी कान लावून बसलो. फ्रीज कण्हला नाही. मला वाटलं, बंदच आहे. दार उघडून हात घातला तर आतला दिवा लागला आणि हाताला गार वारा. मालतीने थर्मासातून एकेक बाटली काढली, पदराने पुसली आणि जागेवर लावली.

नीलेशला स्टँडवर सोडलं. स्पीकर त्याने मांडीवरच घेतला. "पुढच्या शिमग्याला या काका," तो खिडकीतून म्हणाला, "काकींना घेऊन. रॉडला नको."

दासगाव

रात्रभर मिलिंदभाऊंच्या दुकानातून वायर घेऊन बॅटरी भरली, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदा ती तुडुंब भरली. सकाळी दासगावला सावित्रीच्या काठाशी गाडी लावली. नदी इथं रुंद होते आणि समुद्राची वाट धरते, आणि आम्हालाही तिच्या मागोमाग हरिहरेश्वरला जायचं होतं. निदान मला तरी. मालतीने अजून काही म्हटलं नव्हतं. तिने चहा ठेवला, मी आदल्या दिवशीच्या भाकरीचे तुकडे केले, आणि गार पाण्याने आंघोळ करून आलो. पाणी इतकं गार होतं की माझ्या ओरडण्याने नदीतले मासे दोन मैल पळाले.

तेवढ्यात स्वातीचा फोन आला. मालतीने तो ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. मी भाकरीत तोंड घातलं.

"आई, सगळं ठीक ना? फ्रीज चालू आहे?"

"आता चालू आहे. मध्ये एक दिवस बंद पडला होता," मालती म्हणाली. मी भाकरी खाली ठेवली. ती कधीच खोटं बोलत नाही, हा तिचा दोष मी तीस वर्षं सोसतोय.

"मग औषध? कुणाच्या फ्रीजमध्ये ठेवलं?"

"कुणाच्याच नाही. विहिरीत. मग थर्मासमध्ये."

मग स्वाती म्हणाली, "आई, तो माणूस रविवारी गाडी बघायला येतोय. त्याला काय सांगू मी?"

मालतीने गॅस बारीक केला, चहात साखर घातली, ढवळली.

"गाडी घरी नाही म्हणून सांग," ती म्हणाली.